जपानी ठिगळ

निवृत्तीनंतर माणसाला छंद हवा, असं ज्यांनी ज्यांनी मला सांगितलं त्यांच्यापैकी एकालाही माझा छंद सोसावा लागला नाही. तो सोसला माझ्या सासूबाईंनी.

तेहेतीस वर्षं पांढुर्ण्याच्या शाळेत शिकवून मी घरी बसले आणि दुसऱ्याच महिन्यात मोबाइलवरच्या साशिकोच्या वर्गाला नाव घातलं. साशिको म्हणजे विरलेल्या कापडाला जुन्याच कापडाचं ठिगळ लावून त्यावर पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा घालायची जपानी रीत. शिकवणाऱ्या बाई पुण्याच्या. त्या इतक्या हळू बोलत, की सुरुवातीला मी नेटवर्कला दोष दिला. फाटलेलं लपवू नका, मिरवा. घाई करू नका. कापडाशी बोला. मी आतल्या खोलीचं दार लावून चार दिवस कापडाशी बोलले. पाचव्या दिवशी नवऱ्याने बाहेरून विचारलं, कोणाचा फोन आहे.

नदीपलीकडे सावरगावात बायका जन्मभर हेच काम करत आल्या आहेत. त्याला वाकळ म्हणतात आणि ती थंडीत अंगावर घेतात. त्यांना कोणी बोलावून तत्त्वज्ञान विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. तेच जपानहून आलं तेव्हा मला सुंदर दिसलं, हे कबूल करते.

पहिला प्रयोग नवऱ्याच्या पँटीच्या गुडघ्यावर केला. ती घालून ते भाजी आणायला निघाले आणि अर्ध्या रस्त्यातून परत आले. चौकात कोणीतरी फार आपुलकीने विचारलं होतं, "सर, पेन्शन अटकली का?" ती पँट त्यांनी पुन्हा घातली नाही.

मग बाईंनी चहाच्या कपाखाली ठेवायचे चौकोन करायला सांगितले. त्यासाठी निळं, जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड हवं, ज्याला आठवणी आहेत असं. माझ्या साड्या सगळ्या सिंथेटिक. त्यांना हळदीचा डाग चिकटत नाही, आठवणी कुठून चिकटणार?

तो शनिवार होता. सासूबाई शेजारणींबरोबर ऑटोने जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेल्या होत्या. मी त्यांची पत्र्याची पेटी उघडली. दुसऱ्याच्या दप्तराला हात लावायचा नाही, असं मी तेहेतीस वर्षं पोरांना सांगत आले होते. पेटीच्या बाबतीत मला ते आठवलं नाही. तळाशी कोऱ्या पांढऱ्या कापडात बांधलेलं एक निळं सुती लुगडं होतं. गाठ दोनदा मारलेली. एखादीला तिथेच कळलं असतं. मला वाटलं, कसर लागू नये म्हणून बांधलं असेल. मी पदरातून तळहाताएवढे बारा चौकोन कापले, चहाच्या ट्रेमध्ये नीट मांडले आणि फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकला. बाईंनी लिहिलं, "या कापडात खूप प्रेम साठलेलं जाणवतंय." त्यांना ते पुण्यात बसून जाणवलं. मला पेटीसमोर बसून जाणवलं नव्हतं.

दुपारी सासूबाई आल्या. प्रसादाचा पुडा माझ्या हातात देता देता त्यांना ट्रे दिसला. एक चौकोन उचलून त्यांनी त्याची किनार अंगठ्याने चाचपली.

"बाकीचं कुठी हाय?"

"पेटीवर आहे. आई, जुनं होतं म्हणून मी..."

"जुनंच हाय. माह्या भावानं देल्लं. आखरी भाऊबीजेचं."

आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं टाकतात. बोरगावजवळचं त्यांचं माहेर आता नावालाही उरलेलं नाही. भाऊ गेला, संत्र्याची बाग विकली, भाचे नागपूरला राहतात. म्हणून त्यांनी आपली शेवटची सोय आपणच करून ठेवली होती, दोन गाठी मारून. आणि मी तिच्यावर चहाचे कप ठेवणार होते.

"भाचे नवीन आणतील," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"भाचे मोबाइलवर मागवतीन. तिसऱ्या रोजी येईन ते. तवरोक मले कोन ठेवून घेईन?"

मला लाज वाटली. त्यांनी बाराही चौकोन गोळा केले, उरलेल्या लुगड्यावर ठेवले आणि तो ढीग माझ्या मांडीवर दिला.

"शिकली नं तू? मंग शीव."

"जोड दिसतील, आई."

"दिसू दे. मी कुठी पाहाले राहीन?"

त्या दिवसापासून रोज जेवणं झाली की मी शिवायला बसते आणि त्या समोर खुर्ची ओढून बसतात. चुकलेला टाका त्यांना चष्मा नसतानाही दिसतो. "किती झाले?" त्या विचारतात. एकदा मी म्हटलं, तीन. "तीनच? मी चौऱ्याऐंशीची हावो. तुह्या त्या जपानी बाईले सांग, जरा घाई कर म्हना." बाई पुण्याच्या आहेत, हे मी सांगत बसले नाही. वर्ग मी केव्हाच सोडला होता.

आता अकरा चौकोन जागेवर बसले आहेत. निळ्या पदरावर पांढऱ्या टाक्यांच्या रांगा दिसतात, आणि खरं सांगायचं तर त्या देखण्या आहेत. बाराव्याच्या तीन बाजू शिवून झाल्या. चौथी मी आठ दिवसांपासून शिवते आहे. घालते, वाकडी आली म्हणते, उसवते. या बाईशी मी पस्तीस वर्षं पोळीच्या जाडीवरून भांडले. तिचं हे लुगडं पुरं व्हायला नको आहे मला.

काल त्या बराच वेळ माझ्या हाताकडे पाहत होत्या.

"टाका सीधा होता नं वं. कायले उसवून राहिली?"

"हळूच शिवावं लागते, आई. जपानी पद्धत आहे."

"बरं." त्यांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. "मंग पाहू, पहिले कोन सरते. तुहा तुकडा का मी."

मी त्याच्या आधीचाही टाका उसवला.