काळ्या मातीचा पोत

आई गेल्यावर मी पुण्याचं काम सोबत घेऊन बाभुळगावला बाबांकडे राहायला आले. बाबा तहसीलमधून निवृत्त झालेले, मुळातच कमी बोलणारे. मी पुढच्या खोलीत संगणकावर ॲनिमेशनची चित्रं काढत बसायची. या कामाबद्दल बोलावं असं गावात कोणी नव्हतं.

कापसाची ती वाईट वर्षं होती. कर्ता माणूस गेलेल्या घरांतल्या बायकांसाठी एक छोटी फिल्म होत होती, आणि तिच्यातली शेतं माझ्या वाट्याला आली होती. रेषा हातानं काढल्या, रंग भरले. दिग्दर्शिकेचा पुण्याहून फोन आला. चित्र छान आहे पण प्लास्टिकचं वाटतं, कागदावर रंगवल्यासारखं दिसू दे, म्हणाली. मी संगणकातला ब्रशच्या फटकाऱ्यांचा तयार पोत पातळ थरासारखा चित्रावर अंथरला. पण फिल्ममधली बाई धुऱ्यानं, शेताच्या बांधावरून, चालू लागली की शेत मागे सरकायचं आणि पोत जागीच राहायचा. डागाळलेल्या काचेतून बघतोय असं वाटे. आठवडाभर मी तेच करत होते, तेच पुसत होते.

एका दुपारी बाबा मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, "माती अशी नसते. हे तं डांबर दिसून राह्यलं."

मला राग आला. संध्याकाळी ते वेशीबाहेरच्या वावरातून रुमालात काळी माती बांधून घेऊन आले.

ती पाण्यात कालवून मी जाड कागदांवर फासली. वाळताना बारीक भेगा पडल्या. कागद स्कॅन केले, जेमतेम दिसतील इतके फिके केले आणि शेताबरोबरच सरकतील असे चित्राला बांधले. दर काही फ्रेमनंतर कागद बदलला. ढेकळं आता किंचित थरथरत होती. बाबांना दाखवायला गेले, तर ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते.

ढाणकीजवळच्या एका गावात, शाळेत फिल्म दाखवली. मी एकटीच गेले होते. पोत कोणाच्या लक्षात आला नाही. येऊ नये, असाच तो केला होता. संपल्यावर एक बाई जवळ आली.

"हे वावर कोनाचं हाये?"

कोणाचंच नाही, मी काढलंय, असं सांगितलं. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

"आमचं असंच होतं," ती म्हणाली आणि इतर बायकांमागून निघून गेली.

घरी आल्यावर मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. जेवलीस का, एवढंच विचारलं, आणि आपल्या खोलीत गेले.