आईच्या प्रार्थनेतली म्हैस

मंडळी, आज सकाळी मलकापूरहून गंगूमावशींचा फोन आला. माहेरच्या आमच्या शेजारीण. उद्या त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हा त्या नवी नवरी होऊन शेजारच्या शेतकरी घरात आल्या. आम्ही ख्रिस्ती. दिवेलागणीला चटईवर बसून गीत म्हणायचो, मग आई प्रार्थना करायची. घरच्यांपाठोपाठ अख्ख्या गल्लीची नावं घ्यायची. आम्ही भुकेनं कासावीस, पण 'आमेन' झाल्याशिवाय भाकरी नाही! त्यात मावशी कुडापलीकडून ओरडायच्या, "बाई, माह्या चंद्रीले इसरू नोका!" चंद्री म्हणजे त्यांची म्हैस. आई तिच्यासाठीही मागायची.

आज मावशी म्हणाल्या, "तुही माय असती तं माह्यं नाव घेतलं असतं. आता तू घे वं."

मी फोन कानाला लावूनच डोळे मिटले. शब्द आईचेच आले. "प्रभू, गंगूला सांभाळ, तिच्या चंद्रीला सांभाळ..." आणि मी थबकले. चंद्री जाऊन जमाना झाला!

मावशी हसल्या नाहीत. पलीकडून हळूच आवाज आला, "आमेन."

आई गेल्यावर तुमचं नाव कोण घेतं हो?