मशेरीला कोण तंबाखू म्हणतं

कांतामावशीच्या खानावळीत जेवणाऱ्याचं काही लपून राहायचं नाही. परळच्या चाळीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली, भिंतीला लागून दोन सतरंज्या, एका पंगतीला सहा माणसं. मावशी शेगडीपाशी बसून भाकऱ्या थापायची, पण डोळे आमच्या ताटांवर. कुणी भाजी परत मागितली नाही तर तो साहेबाशी भांडून आलाय, कुणी नुसताच भात चिवडला तर गावाहून वाईट फोन आलाय. असले तिचे अंदाज, आणि ते खरे निघायचे याचाच मला राग यायचा. मी विकास, प्रभादेवीच्या एका कचेरीत कारकून, बायको-मुलं चिपळूणला. अकरा वर्षं त्या सतरंजीवर जेवलो. या बाईनं दुसऱ्याच्या ताटात इतकं नाक खुपसावं कशाला, असं नेहमी वाटायचं. सुट्टीत घरी गेलो की मात्र आपण किती जेवलो हे कुणी बघत नाही, हेही जाणवायचं.

आमच्यात वैभव नावाचा एक होता, मोबाईलच्या दुकानात कामाला, पंचविशीचा. खिशात कायम सुपारीच्या पुड्या. एक दिवस भाकरी थापता थापता मावशी म्हणाली, "वैभव, ठेचा का ठेवलास?"

"तोंड आलंय मावशी."

"महिनाभर? आणि भाकरीचे तुकडे एवढे बारके का करतोस? आ कर बघू."

सगळ्यांसमोर तिनं त्याला तीन बोटं उभी करून तोंडात घालायला लावली. दोनच गेली. आम्ही हसलो. मावशी हसली नाही. दुसऱ्या दिवशी खानावळ बंद ठेवून ती त्याच्याबरोबर हॉस्पिटलच्या रांगेत उभी राहिली आणि आम्ही वडापाव खात तिच्या नावानं बोटं मोडली. गाल आतून आखडलेत, डॉक्टरनं सांगितलं. कॅन्सर नाही, पण वाट तिकडचीच आहे, सुपारी आजच्या आज बंद. वैभवनं सोडली, म्हणजे मावशीनं सोडायला लावली. पुढचे सहा महिने दारात त्याचे खिसे चाचपल्याशिवाय ती त्याला ताट वाढत नव्हती.

आणि त्याच खोलीत, मोरीच्या फळीवर, तिचा मशेरीचा डबा होता. रविवारी दुपारी एका जुन्या तव्यावर ती तंबाखूची पानं काळी होईस्तोवर भाजायची. खोलीभर धूर. आम्ही ठसकत गॅलरीत पळायचो आणि तिची टर उडवायचो. मग ती पूड सकाळी, दुपारी, झोपताना, बोटानं हिरड्यांना घाशीत बसायची. बारा वर्षांची असताना आईनं लावलेली सवय. दात मजबूत राहतात म्हणे. डबा संपत आला की लालबागहून पानं कोण आणायचा? मीच.

गेल्या पावसाळ्यात चाळीच्या अंगणात तोंडाच्या तपासणीचं शिबिर झालं. मावशीनं दारोदार जाऊन पुरुषांना खाली हाकललं. माझं अक्षर बरं, म्हणून फॉर्म भरायला मला बसवलं. तिची पाळी आली. "तंबाखू खाता का?" मी साहेबी आवाजात विचारलं.

"मी? काहीतरीच तुझं."

मी हसत 'नाही' लिहिलं. खोटं लिहितोय असं मनात आलंसुद्धा नाही. तिच्याही नाही. तंबाखू खातात ते पुरुष, मशेरी म्हणजे दात घासणं. ती म्हणाली, "मग मला कशाला तपासायचंय, वर डाळ शिजतेय," आणि गेली. मी तिला जाऊ दिलं. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

संक्रांतीनंतरच्या एका शनिवारी मला सुट्टी होती. जेवायला जायला साडेतीन वाजले. दार लोटलं तर मावशी जेवत होती. अकरा वर्षांत मी तिला जेवताना पाहिलंच नव्हतं. सगळे उठून गेले, भांडी झाली, की मग ती एकटी बसायची. ताटात भाकरी पाण्यात कुस्करून लगदा केलेला. एकाच बाजूनं, डोळे मिटून, ती घास गिळत होती.

"काय झालं?"

"दाढ दुखतेय रे."

"कधीपासून?"

"गणपतीपासून."

साडेचार महिने. हिरडीला जखम होती, ठणका लागला की ती वर आणखी मशेरी दाबायची, तेवढ्यापुरतं बधिर व्हायचं. मी भडकलो. "लोकांच्या ताटात डोळे घालून बसतेस आणि स्वतःचं तोंड सडवतेस?" मी चाळ ऐकेल इतका ओरडलो.

"हळू बोल," ती म्हणाली. "मला कळलंय काय ते. वैभवला घेऊन गेले तेव्हा तिथं बघून आलेय मी. बायांचा अर्धा जबडा काढतात. मला भीती वाटते, विकास."

हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मग वडाळ्याला तिच्या मुलीला, दीपिकाला, फोन केला.

सोमवारी आम्ही तिघं हॉस्पिटलात. डॉक्टर तरुण मुलगी होती. "तंबाखू?" तिनं विचारलं.

"नाही," मावशी म्हणाली.

"मशेरी लावते," मी म्हणालो. "पन्नास वर्षं."

"मशेरी म्हणजे तंबाखूच, आजी. आणि तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर दाखवायची असते. दुखो न दुखो." ती रागावली नव्हती. दिवसातून किती वेळा तेच सांगत असेल.

तुकडा काढून तपासायला गेला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सरच. हाडापर्यंत पोचलेला. खालच्या जबड्याचा तुकडा काढावा लागेल, मग किरणांचे शेक द्यायचे. मावशीनं कोरड्या डोळ्यांनी ऐकलं. भाकऱ्या कधीपासून थापता येतील, एवढंच विचारलं. मला मात्र तिच्याकडे बघवत नव्हतं.

आम्ही उठलो. दीपिका उठली नाही.

"डॉक्टर," ती म्हणाली, "माझंपण तोंड बघाल का?"

"तुम्हीही लावता?"

"सकाळीच फक्त. माझ्या मुलीच्या वेळी बाळंतपणात दाढ सुजली होती, तेव्हापासून."

डॉक्टरनं दिवा तिच्याकडे वळवला. दीपिकानं तोंड उघडलं. मावशीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिची नखं रुतली.

"तिला मी लावली," ती डॉक्टरला सांगू लागली, आणि आता रडायला लागली. "ह्या बोटानं लावली. ती नको म्हणत होती हो. ती नको नको म्हणत होती."