बाबा माझं ऑफिस बघायला कर्नाळ्याला येतात

खारघरच्या एका बँकेचं नेमणूकपत्र आमच्या टीव्हीवर ठेवलं होतं आणि कर्नाळ्याच्या पक्षी-सर्वेक्षणात मला अजून कोणी घेतलं नव्हतं. बँकेला सोमवारपर्यंत कळवायचं होतं. लहानपणी मी कंपासपेटीत पाल पाळली, तेव्हापासून बाबा माझ्या प्राणिप्रेमाला दबकून असतात. शेवटी म्हणाले, "आधी तुझं ऑफिस बघू, मग ठरवू." रविवारी पहाटे खांदा कॉलनीतून निघालो. बाबा इस्त्रीच्या पांढऱ्या शुभ्र शर्टात.

पनवेल स्टँडवरून पेणकडे जाणारी एसटी घ्या, अर्ध्या तासात अभयारण्याच्या दारात उतरवते. सातच्या आत पोहोचा. दहानंतर पक्षी कमी आणि कॉलेजची टोळकी जास्त. गेटजवळच्या टपरीवरचे पोहे झकास, पण मावशी स्पष्टवक्त्या. बाबांना म्हणाल्या, "या शर्टात एक पाखरू दिसणार नाय तुमाला."

सर्वेक्षणाच्या प्रमुख शुभदाताई माझी परीक्षा घेणार होत्या: वाटेच्या वळणावर तासभर बसायचं आणि ऐकलेला-पाहिलेला प्रत्येक पक्षी लिहायचा. त्याआधी बाबांनीच त्यांची परीक्षा घेतली. पीएफ कापता का? बिबट्या आला तर तो ड्युटीत धरतात का? ताईंनी शांतपणे उत्तरं दिली आणि त्यांना एका दगडावर गप्प बसवलं. आईला हे तीस वर्षांत जमलेलं नाही.

मी सुटलेच. झाडीतून शिक्रा ओरडला, लिहिला. बुलबुल, हळद्या, मग चक्क मांजर. दिसत काहीच नव्हतं, पण माझे कान तयार आहेत! अकरा नावं झाली. मनातल्या मनात मी ओळखपत्रासाठी फोटोही काढून घेतला.

तेवढ्यात बाबा कानाशी कुजबुजले, "सगळे आवाज एकच जण काढतोय. मघापासून बघतोय मी. काळा आहे, शेपटीला दोन दोऱ्या लोंबतायत."

भृंगराज! दुसऱ्यांच्या नकला करणारा पक्षी. त्याच्यापासून सावध राहा, हे माझ्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलंय. समोरून ताई येत होत्या. गप्प राहिले असते तर यादी भारदस्त दिसली असती. मला रडू येत होतं. मी अकराच्या अकरा नावं खोडली आणि लिहिलं: भृंगराज, एक. बाबांनी पाहिला.

ताईंनी कागद वाचला. म्हणाल्या, "माझ्या पहिल्या यादीत मला या भृंगराजाने चौदा पक्षी लिहायला लावले होते. आणि मी ते खोडलेही नव्हते. एक तारखेपासून ये."

बाबांनी पगार विचारला. ताईंनी सांगितला. परतीच्या एसटीत बाबा पनवेलपर्यंत तिकिटामागे पगाराचा हिशेब मांडत बसले आणि मला बँकेचा काउंटर दिसू लागला.

घरी आल्यावर आईने विचारलं, ऑफिस कसं आहे? बाबा म्हणाले, छप्पर नाही, पण साहेब बऱ्या आहेत.

प्रवास इतकाच, अर्ध्या दिवसाचा. पायांवर मुंग्या चावल्याच्या खुणा चार दिवस राहिल्या. सोमवारी बँकेला फोन बाबांनीच केला. आमच्या मुलीला जंगलात नोकरी लागली, हे त्यांनी इतक्या मोठ्याने सांगितलं की शेजारच्या काकू बाहेर आल्या. फोन ठेवून ते खिडकीशी गेले. एरवी कबुतर दिसलं की हुसकावून लावणारे बाबा बराच वेळ नुसते बघत राहिले, मग मला हळूच हाक मारली.

"हे कबुतरच आहे ना नक्की? आवाजावर जाऊ नकोस, बघून सांग."