विमलमावशींचा मुक्काम

विमल मेश्राम यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या पाठीवर वीस पौंड तांदूळ होता. २००३ चा जानेवारी. अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमधल्या आमच्या अपार्टमेंटच्या तळ्याभोवती एक फरसबंद पायवाट होती आणि तेवढीच बर्फातून मोकळी केलेली होती. त्या वाटेवरून साडी, साडीवर पुरुषी जाड जॅकेट, पायात पांढरे बूट आणि पाठीला लाल सॅक अशा साठीच्या पुढच्या एक बाई शांतपणे फेऱ्या मारत होत्या. मी लग्न होऊन नुकतीच आलेली. डिपेंडंट व्हिसा असल्यामुळे नोकरी करता येत नव्हती, आणि दिवसभर खिडकीत उभं राहणं हाच माझा उद्योग होता. तिसऱ्या दिवशी न राहवून मी खाली गेले.

"मावशी, सॅकमध्ये काय आहे हो?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. इतकं, की मी ओशाळले. मग म्हणाल्या, "तांदूळ. दहा दहा पौंडांच्या दोन पिशव्या. येत्या मे महिन्यात इंग्लंडला जाऊन राहिली ना मी. तिथे माझी बॅग कोण उचलेल बाप्पा?"

"टूरबरोबर?"

"नाही. एकटी."

नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली होती, त्यातली बरीचशी ट्रंक ऑपरेटर म्हणून, परगावचे कॉल हाताने जोडून देण्याची. मेश्रामकाका जाऊन बारा वर्षं झाली होती. निवृत्तीनंतर मुलाकडे, प्रशांतकडे, आल्या. प्रशांत आणि सून स्मिता दोघंही नोकरी करणारे, आणि नातू नील तेव्हा चार वर्षांचा. वर्षाचे अकरा महिने मावशी नीलला सांभाळत, आणि एक महिना त्यांचा स्वतःचा. ही अट त्यांनी अमेरिकेला येण्याआधीच फोनवर घातली होती. प्रशांतला ती गंमत वाटली होती. ग्रीन कार्ड हातात पडल्यावर त्यांनी स्वतःच ब्रिटनच्या व्हिसाचा अर्ज भरला, तेव्हा त्याला कळलं की आई खरंच म्हणत होती.

व्हिसासाठी त्या एकट्याच ट्रेनने न्यूयॉर्कला गेल्या. परत आल्यावर मी विचारलं, काय काय विचारलं हो?

"विचारलं, महिनाभर तिथे काय करणार? म्हटलं, बसणार."

"बसणार?"

"तो व्हिसावालाही असाच म्हणाला. म्हटलं, हो, बाकावर. तुमच्या गावांत बाक फार चांगले असतात असं ऐकलंय. हसला आणि घेतला ना पासपोर्ट ठेवून, व्हिसा लावायला."

आमच्या ओळखीचे लोक तेव्हा युरोप करून येत. चौदा दिवसांत नऊ देश. परत आले की फोटोंचा कार्यक्रम व्हायचा, आणि कुठला पूल कुठल्या शहरातला यावरून नवरा-बायकोत वाद. मावशी पहिल्या वर्षी महिनाभरात चार गावांत राहिल्या. त्या गावांची नावं मी कधी ऐकलेली नव्हती. एक उत्तर इंग्लंडमधलं, एक वेल्समधलं, आणि दोन स्कॉटलंडची, त्यांतलं एक बेटावरचं. लंडनला त्या फक्त विमान बदलतात तसं उतरल्या.

"लंडन नाही बघितलं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"मी बघायला नाही जात पोरी, राहायला जाते. एक्स्चेंजमध्ये आम्हाला शिकवलं होतं, एका वेळी एकच लाइन. दोन दोन जोडल्या की कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही."

हे 'एका वेळी एकच लाइन' त्या कशालाही लावत. मी भाजी चिरता चिरता फोनवर बोलायला लागले तरी.

बेटावर त्या दोन दिवसांसाठी गेल्या आणि सहा दिवस अडकल्या. वारा सुटला आणि बोट बंद झाली. ज्या घरात उतरल्या होत्या तिथे त्या एकट्याच पाहुण्या, आणि घरमालकीण ऐंशीची. वीज गेली. त्या बाईचा स्वयंपाक विजेवरचा. मावशींनी सॅकमधून तांदूळ, मूगडाळ आणि मसाल्याची डबी काढली आणि हॉलमधल्या कोळशाच्या शेगडीवर पातेलं ठेवून खिचडी केली.

"तिचं बोलणं मला काडीचं कळत नव्हतं," मावशी सांगत होत्या. "मला वाटलं, माझाच दोष. मग शेजारीण आली. ती म्हणते, हिचं आम्हालाही कळत नाही, हिला दात नाहीत!" हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाच दिवस खिचडी खाल्ली तिने. बोट सुरू झाली तेव्हा धक्क्यापर्यंत आली. वाऱ्याने उभं राहवत नव्हतं तिला. माझ्या सॅकचा पट्टा धरून उभी होती. मी तिला धरून ठेवून राहिली होती की ती मला, कोण जाणे."

मी ऐकत राहिले. माझ्याकडे ड्रायव्हिंग लायसन्स होतं, आणि घरापासून इंडियन स्टोअरच्या पुढे मी गाडी नेत नव्हते.

गाडीची ती भीती पुढच्या वर्षी सुटली, तीही त्यांच्यामुळेच. या वेळी त्या ऑस्ट्रियाला निघाल्या होत्या. प्रशांत कामासाठी परगावी गेलेला, आणि ठरवलेल्या गाडीवाल्याने सकाळी कॅन्सल केलं. मावशी सॅक घेऊन माझ्या दारात. मी म्हटलं, मावशी, हायवेवर मी अजून कधी गाडी नेलेली नाही.

"मग हायवे नको ना. रूट वनने जाऊ. सिग्नल लागतील तिथे थांबू. विमान संध्याकाळी आहे आणि आता वाजले अकरा. घाई कोणाला आहे?"

नेवार्क विमानतळापर्यंत तासाभराचं अंतर आम्ही अडीच तासांत कापलं. मध्ये दोनदा थांबून कॉफी घेतली. मागून लोक हॉर्न मारत होते आणि मला रडू येत होतं. मावशी मात्र एकदाही दचकल्या नाहीत. खिडकीबाहेर टायरची दुकानं अशा कौतुकाने बघत होत्या, जणू ऑस्ट्रिया सुरूच झालं होतं. मला वाटलं, काय ही बाईची छाती! हॉर्न त्यांना ऐकूच आले नव्हते, हे मला पुढे वर्षभराने कळलं.

त्या वेळी व्हिएन्नाच्या एका संग्रहालयात त्या एकाच चित्रासमोर चार तास उभ्या होत्या. पीठ मळणारी एक बाई, एवढंच चित्र. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या, तेव्हा तिथल्या पहारेकऱ्याने घडीची खुर्ची आणून दिली. तिसऱ्या दिवशी खुर्ची आधीच मांडलेली होती.

"काय बघत होता इतकं?"

"तिचा उजवा खांदा. खूप दुखत असणार तिचा. ज्याने काढलं, त्याला ते माहीत होतं. मला ते कळायला दोन दिवस लागले."

या बाईने अशी किती दुखणी न बोलता ओळखली असतील, असं तेव्हा मनात आलं. त्यांचं स्वतःचं मात्र आम्हाला कुणालाच ओळखता आलं नव्हतं.

२००५ च्या सप्टेंबरात पोर्तुगालहून फोन आला. उत्तरेकडच्या नदीकाठच्या एका लहान गावात, ओल्या दगडी पायऱ्यांवर मावशी घसरल्या होत्या. डावं मनगट मोडलं होतं. प्रशांत दुसऱ्याच दिवशी निघाला. निघताना तो संतापलेला होता. "बस झालं आता. हे शेवटचं. सहासष्ट वर्षांची बाई, भाषा येत नाही, ओळखीचं कुत्रं नाही तिथे. पासपोर्टच काढून घेतो मी."

तीन-चार दिवसांत येतो म्हणाला होता. आला आठव्या दिवशी, एकटाच. मी नीलला त्यांच्या घरी सोडायला गेले होते. स्मिता अजून ऑफिसमधून यायची होती. प्रशांत किचनच्या टेबलाशी बसला होता, बूटसुद्धा न काढता.

"मावशी कुठायत?"

"तिथेच. तिचे अजून नऊ दिवस बाकी आहेत म्हणाली." मग म्हणाला, "मेधा, आईला ऐकू येत नाही."

मला कळेना.

"डावा कान पूर्ण गेलाय. उजव्याने थोडंसं. कधीपासून, तर इथे आली तेव्हापासूनच कमी होत चाललं होतं. आणि मी तिच्याबरोबर एका घरात राहतो, पाच वर्षं."

तो तिथे पोहोचला तेव्हा मावशी चौकातल्या एका कॅफेच्या बाहेर बसल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला. समोर कॅफेचा मालक, औषधांच्या दुकानातली बाई आणि दोन म्हातारे. मावशी मराठीत बोलत होत्या, ते पोर्तुगीजमध्ये, मध्ये कागदावर चित्रं काढणं चाललेलं, आणि सगळे हसत होते. प्रशांत मागून गेला. म्हणाला, "आई, चल, तिकिटं बदललीयेत." आई वळली नाही. रागावलीये, असं त्याला वाटलं, कारण घरीही ती अशीच करायची. हाक मारली की उत्तर द्यायची नाही, आपल्याच तंद्रीत. तो आणखी मोठ्याने बोलला. मग तिसऱ्यांदा. तेव्हा तो कॅफेवाला उठला, मावशींच्या समोर जाऊन वाकला आणि बोटाने त्यांच्या मागे दाखवलं. मग प्रशांतकडे बघून स्वतःच्या कानाला हात लावला आणि नाही अशी मान हलवली.

"त्या माणसाला हे नऊ दिवसांत कळलं," प्रशांत म्हणाला. "आणि त्याने मला शिकवलं, माझ्या आईशी कसं बोलायचं ते. समोर ये, वाक, मग बोल."

"मावशी काय म्हणाल्या?"

"म्हणाली, तुमच्या घरात मी बहिरी आहे रे. इथे मी नुसती परकी आहे. परक्या माणसाशी सगळे समोर येऊन, हळू बोलतात. म्हणून येते मी." त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "मी म्हटलं, सांगितलं का नाहीस? तर म्हणते, चौतीस वर्षं कानावर पोट भरलं. कान गेले हे कोणत्या तोंडाने सांगू?"

नील दारात उभा राहून ऐकत होता. मराठी त्याला सगळं कळायचं, बोलायचा मात्र इंग्लिश. "So Aaji wasn't ignoring me?" त्याने विचारलं. प्रशांतने त्याला जवळ ओढून घेतलं.

प्रशांत आईला लगेच परत आणायला गेला होता, आणि पाच दिवस आईच्या शेजारी त्या चौकात बसून आला. ऑफिसला काय सांगितलं, देव जाणे.

मावशी परतल्यावर कानाचं यंत्र आलं. ते त्यांना आवडलं नाही. भांड्यांचा आवाज तेवढा मोठा येतो म्हणायच्या. पण घर बदललं. टीव्ही बंद केल्याशिवाय कुणी त्यांच्याशी बोलेना. वरच्या मजल्यावरून हाका मारणं थांबलं. आणि सहा वर्षांच्या नीलने एक शोध लावला. आजीला ओठांवरून मराठी चटकन कळतं, इंग्लिश तितकं कळत नाही. त्यामुळे तो आजीचा खांदा थोपटायचा, दोन्ही हातांनी तिचा चेहरा आपल्याकडे वळवायचा आणि एकेक शब्द सुटा करून म्हणायचा, "आजी. मला. भूक. लागली." आमच्या ओळखीत रविवारच्या मराठी वर्गाला मुलं रडत जायची. हा पोरगा कुठल्याही वर्गाशिवाय मराठी बोलायला लागला, कारण त्याला कुणाशी तरी खरोखर बोलायचं होतं.

मी एकदा त्यांना विचारलं, आता घरात सगळे समोर येऊन बोलतात, तरी जाणार?

"जाणार ना," त्या म्हणाल्या. "आधी सुटून जायची. आता हौस म्हणून जाते. जास्त मजा येते." आणि त्या गेल्या. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच गावात, त्याच चौकात. त्याच्या पुढच्या वर्षी नॉर्वेला.

२००८ च्या मे महिन्यात त्यांनी कायमचं नागपूरला परतायचं ठरवलं. नील नऊ वर्षांचा झाला होता, आणि तिकडे धाकटी बहीण एकटी होती. सरळ जाणं अर्थातच त्यांच्या स्वभावात नव्हतं. वाटेत आयर्लंड, तीन आठवडे, दोन गावं. घरच्यांचे निरोप घरीच झाले. विमानतळावर गर्दी नको म्हणाल्या. मी सोडायला गेले.

आत जायच्या आधी मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि पाच वर्षं मनात असलेलं विचारलं. "मावशी, तुम्हाला कधीच भीती वाटत नाही?"

त्यांनी माझे ओठ नीट वाचले. मग माझा गाल थोपटला.

"वाटते ना बाप्पा. प्रत्येक वेळी. आता पण वाटून राहिली. भीती वाटते म्हणून तर इतकी सावकाश जाते."

त्या आत गेल्या. काचेतून मला दिसत होतं. गर्दी दोन्ही बाजूंनी त्यांना ओलांडून धावत होती. मावशी मधोमध थांबल्या, चष्मा पुसला, वरची पाटी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचली, आणि मग डावीकडे वळल्या.