सम्यक कंपनीची मुकी घंटा

भिवंडीतल्या टेमघरच्या बुद्धविहारात रामनाथ मिस्त्रींचा मोठा दबदबा होता. रविवारच्या ध्यानाची शेवटची घंटा वाजली की मंडळी डोळे उघडायची, गुडघे चोळत उठायची, चपला शोधायची. रामनाथ मात्र डोळे मिटून तसेच. "काय समाधी लागते हो काकांना!" बायका कुजबुजायच्या. मग त्यांची बायको चंद्रा त्यांच्या तळहातावर बोटानं दोनदा टकटक करायची, आणि रामनाथ असे मंद हसत डोळे उघडायचे की बघणाऱ्यानं हातच जोडावेत.

खरी गोष्ट चंद्राला ठाऊक होती. उभा जन्म यंत्रमाग दुरुस्त करण्यात गेला आणि त्या खडखडाटात कानही गेले. समोरच्याचे ओठ वाचून मिस्त्री वेळ निभावत. डोळे मिटले की संपलं.

"माझे कान ठणठणीत हायेत," ते म्हणत. "विहाराची घंटाच मिळमिळीत हाय!"

चांगली घंटा करायची, या एका जिद्दीपायी कंपनी निघाली. गुलाम हुसेन शेठनी आपले माग मोडीत काढले आणि रिकाम्या शेडचा कोपरा जुन्या मिस्त्रीला दिला. तिथं 'सम्यक गृहवस्तू' उभी राहिली. मालक रामनाथ, कामगार रामनाथ, तपासनीस चंद्रा. हात बसावा म्हणून आधी मूर्तीमागे फिरणारं दिव्यांचं चक्र केलं. मोटर छोटी होती, पण मिस्त्री मागाचा. घरी बटण दाबताच स्वयंपाकघरातली फळी अशी हादरली की मूर्ती सरकत सरकत मिसळणाच्या डब्यापर्यंत आली.

"अहो, भगवान पायी चारिकेला निघाले!" चंद्रा ओरडली. "धरा आधी!"

चक्र पुढं शहाणं झालं, चार घरांत गेलंही. मग मिस्त्रींनी विजेची ध्यानघंटा हाती घेतली. आवाज तपासायला शेठ आले. त्यांचा जन्मही मागांतच गेलेला.

"कैसी है, शेठ?"

"एकदम नाजूक! थोडी और बढ़ाव, मिस्त्री."

शेजारच्या लूमवरचे कामगार आले. तेही म्हणाले, नाजूक. चंद्रानं कानांत पदराचे बोळे कोंबले. "अख्ख्या भिवंडीला विचारा," ती म्हणाली, "फक्त ज्याचे कान शाबूत हायेत त्याला नको!" मिस्त्री तेव्हा पाठमोरे होते.

रविवारी ती घंटा विहारात वाजली. कुणी "सिलिंडर फुटला!" म्हणून ओरडलं, गुडघेदुखीच्या दोन आज्या सगळ्यांच्या आधी दाराबाहेर पोचल्या आणि गल्लीतली कुत्री भुंकत सुटली.

"ऐकली!" रामनाथनी डोळे उघडले. चेहरा नुसता फुललेला. "चंद्रे, मी घंटा ऐकली!"

समोर रिकामी सतरंजी होती. शेजारी एकटी चंद्रा, दोन्ही कानांत बोटं घालून बसलेली. मिस्त्रींचा चेहरा हळूहळू उतरला.

"बहिरा झालोय मी," घरी ते म्हणाले. "आता विहारात न्हाय यायचो. लोकांनी समाधी म्हनायचं, मी ऐकून घ्यायचं... खोटं न्हाय बोलायचं म्हणून पंचशील घेतलंय मी."

दोन दिवस शेड बंद. तिसऱ्या दिवशी ते खाटेवर डोळे मिटून पडले होते. चंद्रानं चहा आणला आणि सवयीनं तळहातावर टकटक केली. मिस्त्रींनी तिचं बोट धरलं, आणि सोडेचनात.

"चहा सांडंल!"

"थांब. परत कर. असंच, जोरात नको."

ती दुपार चंद्रा टकटक करत राहिली आणि मिस्त्री स्प्रिंग सैल करत राहिले. मुठीत मावेल अशी बॅटरीवरची लाकडी डबी तयार झाली. वेळ लावली की ती तळहातावर दोनदा टकटक करायची, आवाज शून्य. शेठनी पहिली डबी रमजानच्या पहाटे सहरीला उठायला उचलली. "घर की नींद बची!" म्हणाले.

रविवारी विहारात जुनी मिळमिळीत घंटा वाजली, मुठीतली डबी टकटकली आणि रामनाथ सगळ्यांबरोबर उठले. "आज समाधी न्हाय लागली का, काका?" बायकांनी हिरमुसून विचारलं.

"समाधी कधीच न्हवती, बाई. कान न्हवते," मिस्त्री खणखणीत आवाजात म्हणाले.

सवयीनं पुढं आलेला चंद्राचा हात तसाच राहिला होता. "आता माझं काय काम?" ती पुटपुटली. मिस्त्रींनी ओठ वाचले.

"आन् बॅटरी संपली तर?" असं म्हणत त्यांनी डबी खिशात टाकली आणि तिचा हात धरून चपला शोधायला निघाले.