राज्य मार्गालगतचे खळे

सुका जवळा भाजल्याचा वास आला की ती सकाळ आजही डोळ्यांसमोर उभी राहते. आमच्या घरात आता जवळा आणत नाहीत.

मी तेव्हा रायगड किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. रेवदंड्याहून मुरूडकडे जाणारा राज्य मार्ग आमच्या हद्दीतला. शनिवार-रविवार मुंबईच्या गाड्यांचा बंदोबस्त, उरलेल्या दिवसांत त्यांच्या अपघातांचे कागद. रस्ता रुंद केला तेव्हा एका कोळीवाड्याचे मासळी वाळवायचे खळे त्यात गेले. डांबर आणि गटार यांच्यामध्ये एक पट्टी उरली. बायका तीच शेणाने सारवून, जुनी जाळी अंथरून जवळा पसरत. एका रविवारी सकाळी तिथे एकटीच असलेल्या एका बाईला गाडीने उडवले आणि गाडी पळाली.

मी पोचेपर्यंत लोकांनी तिला टेम्पोतून दवाखान्यात हलवले होते. वाटेतच ती गेली. जवळा रस्ताभर उडाला होता. गाडीचा नंबर कोणी पाहिला नव्हता.

दुपारी काशीदजवळच्या एका रिसॉर्टच्या आचाऱ्याने फोन केला. "साहेब, एका पाव्हण्याच्या गाडीखालून मांजरं हटत न्हाईत. दोनदा पाणी मारलं, तरी चाक चाटतात. माझं नाव घेऊ नका, नोकरी जाईल."

मी जाऊन पाहिले, तर डाव्या चाकामागे जवळ्याचा लगदा निघाला, आणि आत गुंडाळलेला जाळ्याचा तुकडा. गाडीचा मालकच गाडी चालवत होता. ठाण्यात तो खुर्ची ओढून बसला.

"बाई रस्त्यात बसली होती. मी काय करणार?"

"मासळी कुठे पसरली होती?"

"डांबरावरच. सगळा रस्ता अडवून."

माझे लहानपण याच किनाऱ्यावर गेले. जवळ्याला डांबराचा वास लागला तर तो कोणी घेत नाही. म्हणून कोणतीही कोळीण तो डांबरावर टाकत नाही. मी जाळ्याचा तुकडा टेबलावर ठेवला. "हे खळ्यावरचं जाळं आहे. तुमची गाडी खाली उतरल्याशिवाय चाकात आलं कसं?"

त्याने पाणी मागितले. मग म्हणाला, "पुढे एसटी होती. डावीकडून काढायला गेलो."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. जाळे चालले असते, पंचनामा नीट झाला असता तर.

संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. "अहो, आपल्या ओळखीतले आहेत. हे लोक रस्त्यावर मासळी पसरतात, मग दुसरं काय होणार? समजून घ्या."

"हो सर," मी म्हणालो.

बाहेर बाकावर बाईचा नवरा बसला होता. तो उठून हात जोडून म्हणाला, "साहेब, ती काय परत येनार न्हाय. पन ती रस्त्यात नव्हती, येवढं लिवा."

"लिहितो," मी म्हणालो, आणि आत जाऊन पंचनाम्यात तिला डांबरावर बसवले. जाळ्याचा तुकडा 'चाकात अडकलेला कचरा' झाला. मी कोणाकडून काही घेतले नाही. बदलीची भीती होती, एवढेच. माणसाला खोटे लिहायला त्याहून जास्त काही लागत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. ठाण्यात शेकडो माणसे ओळखली, स्वतःला तेव्हा ओळखले.

मालक निर्दोष सुटला. माझ्याच कागदाच्या आधारे रस्त्याच्या कडेला मासळी वाळवायला बंदी आली आणि माझ्याच शिपायांनी जाळी उचलली. बायका मला शिव्या देतील असे वाटले होते. त्यांनी मेलेलीला दिल्या. "ती मधी जाऊन बसली आनि आमचं खळं घालवलं."

गेल्या वर्षी मी तिच्या नवऱ्याला शोधून काढले आणि सारे सांगितले. तो जाळे विणत होता. हात थांबला नाही.

"मला काय सांगता साहेब? मला ठाव हाय. चला बाजारात, बायांसमोर उभं ऱ्हाऊन सांगा."

मी त्याला गुडघ्यांचे कारण दिले आणि गाडीत बसलो. हे लिहितो आहे ते त्या बाजारात कोणी वाचणार नाही.